जमनाबाईची परीक्षा

धनसिंग बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचला, तेव्हा घाटंजीजवळच्या त्याच्या बंजारा तांड्यात आलेली चिठ्ठी वाचून दाखवणारी दोन-तीनच माणसं होती, आणि त्यात बाई एकही नव्हती. त्याला स्वतःलाही हे कधी खटकलं नव्हतं. ते खटकलं कॉलेजच्या एका अटीमुळे.

यवतमाळच्या मिशन कॉलेजात तो शिकत होता. तिथं बी.ए. व्हायचं तर विद्यापीठाचे पेपर देऊन भागत नसे. कॉलेजच्या स्वतःच्या अटी होत्या, आणि त्या पुऱ्या झाल्याशिवाय प्रिन्सिपलसाहेब कोणाचंही नाव परीक्षेला पाठवत नसत. आठवड्यातून दोनदा शास्त्राचा, म्हणजे बायबलचा तास, मग तुमचा धर्म कोणताही असो. रोज सकाळी श्रमतास, म्हणजे कुदळ-फावडं घेऊन बागेत जायचं, नाहीतर नाल्या उपसायच्या. आणि शेवटच्या वर्षी सेवा. चार निरक्षर मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचं. मग कॉलेजचे प्राध्यापक जागेवर येऊन त्या चौघांची परीक्षा घेणार. एकजण जरी कच्चा निघाला तरी शिकवणाऱ्याची बी.ए. एक वर्ष लांबली.

शास्त्राचा तास धनसिंगाला जड गेला नाही. गोष्टी ऐकायच्या आणि पेपरात लिहायच्या, त्यात अवघड काय होतं? श्रमतासाला यवतमाळातली पोरं तळहातावरचे फोड एकमेकांना दाखवत, तेव्हा तो गुपचूप हसायचा. सेवेचं मात्र त्यानं मनावर घेतलं. यवतमाळची पोरं घरचा गडी, शेजारचा माळी, होस्टेलचा आचारी यांना धरून बसवत. धनसिंगानं ठरवलं, आपण तांड्यातच शिकवायचं.

दिवाळीच्या सुट्टीत तो पाट्या आणि पेन्सिली घेऊन घरी आला, तर पहिली अडचण नायकाची. तांड्याचा नायक देवीलाल पुस्तक हातात घेऊन उलटंसुलटं पाहू लागला.

"हे पाद्र्याचं पुस्तक व्हय ना?" तो म्हणाला. "आज अक्षरं शिकवशीन, उद्या आमच्या बायाले त्यांच्या प्रार्थनेत नेऊन बसवशीन."

"काका, मी तीन वर्सापासून तथीच राह्यतो, तथीच जेवतो. झालो का मी किरिस्ताव?"

देवीलालनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "वरून तर दिसत नाई," तो म्हणाला. मग त्यानं स्वतःच शाळेत बसायचं ठरवलं. पहिले दोन दिवस संध्याकाळी तो धनसिंगाच्या अंगणात बाजेवर बसून कान देऊन ऐकत राहिला. येशूचं नाव काही आलं नाही. नुसतं क, का, कि, की. तिसऱ्या दिवशी तो बाजेवर घोरू लागला आणि चौथ्या दिवसापासून आलाच नाही. शाळेला तांड्याची परवानगी मिळाली ती अशी.

चौघं जमले. धनसिंगाची भावजय हंसाबाई, म्हणजे थोरल्या उत्तमसिंगाची बायको. तांड्यात बैलबंडी हाकणारा फुलचंद आणि त्याची बायको नंदाबाई. आणि चौथी जमनाबाई.

जमनाबाई विधवा होती. एकुलती एक लेक मानीबाई तीन कोसांवरच्या तांड्यात दिलेली. दिवसभर लोकांच्या वावरात कापूस वेचायचा आणि संध्याकाळी आपली भाकरी आपण थापून खायची, असं तिचं चाललेलं. तिला कोणी बोलावलं नव्हतं. फुलचंद आणि नंदाबाई पाट्या घेऊन निघालेले पाहून ती मागोमाग आली आणि अंगणात बसली. फुलचंद म्हणाला, "काकी, आता या वयात?" त्यावर तिनं त्याच्या हातची पाटी ओढून घेतली. "माया वयाची तुले काय पडली? तू आपलं पाह्य."

दिवसभर कापसाच्या पऱ्हाटीत वाकून आलेल्या बायांच्या पापण्या संध्याकाळी मिटू लागत. बोटांना बोंडांची टोकं टोचून चिरा पडलेल्या. पेन्सील धरली की झोंबायचं. त्यातून जमनाबाईच्या मनगटांवर बल्या, नवरा गेल्यावरही तिनं न उतरवलेल्या पांढऱ्या रुंद बांगड्या. पाटीवर हात टेकला की त्या आपटायच्या आणि रेघ वाकडी जायची. सगळ्यांत मागे तीच होती. हंसाबाई शब्द वाचू लागली तरी जमनाबाईचं अक्षरांशीच भांडण चाललेलं. "ह्या ळ ले दोन दोन पोटं काहून?" ती विचारायची. "एकात भागत नाई का त्याचं?" पण एकदा डोक्यात गेलेलं अक्षर तिच्या डोक्यातून पुन्हा निघत नसे. वेचणीला जाता-येता ती काटकीनं वावराच्या धुऱ्यावरच्या धुळीत अक्षरं काढायची आणि मागून येणाऱ्या बायांना त्यावर पाय देऊ द्यायची नाही.

सुट्टी संपल्यावर धनसिंग शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं परत जायचा. मधल्या दिवसांत हंसाबाई बाकीच्यांना बसवायची. नाताळच्या सुट्टीत परीक्षा ठरली. परीक्षक म्हणून नाव निघालं शमुवेल सरांचं. ते ऐकून होस्टेलच्या पोरांनी धनसिंगाकडे कीव आल्यासारखं पाहिलं. शमुवेल सर मराठी शिकवत. उंच, किडकिडीत, कमी बोलणारे. मागच्या वर्षी एका मोठ्या वकिलाच्या मुलानं शिकवलेला आचारी त्यांनी नापास केला होता, आणि वकीलसाहेब स्वतः येऊनही त्यांनी निकाल बदलला नव्हता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी धनसिंग तांड्यात पोचला आणि त्याला कळलं की जमनाबाई गेली.

"मानीचं पोट दुखू लागलं म्हणून तिकडून माणूस आला," हंसाबाई म्हणाली. "परवा गेली ते आली नाई. पहिलटकरीन हाय. कशी येईन ते?"

धनसिंग ओट्यावर बसून राहिला. बाळंतपणाला गेलेल्या बाईला बोलावून आणणं शक्य नव्हतं, तसं मनात आणणंही बरं नव्हतं. पण चौथं माणूस उद्या कुठून आणायचं? चार महिन्यांनी पेपर. वर्ष लांबलं तर होस्टेलमधली जागा जाणार, आणि ती गेली तर पुन्हा यवतमाळला राहणं होणार नव्हतं.

त्याचा बाप हरिसिंग बैलांना कडबा टाकत होता. हात झटकून तो जवळ आला. "लखीरामले बसव," तो म्हणाला.

लखीराम घाटंजीच्या कापसाच्या जिनात कामाला होता. लहानपणी मामाकडे राहून त्यानं चौथी पास केलेली.

"बा, त्याले येते सारं."

"त्या सरले काय माहीत? तो काय चेहरा पाहून वळखन, कोण शिकलेला हाय आन कोण नाई? तू तीन जणं खरेच शिकवले ना? मंग एकाचं काय?"

उत्तमसिंगही म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीसाठी वर्स घालवतं का?"

धनसिंग हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. संध्याकाळी लखीराम आला तेव्हा घरातल्यांनीच त्याला समजावून सांगितलं. त्याला मोठी मौज वाटली. अंगणात उभं राहून त्यानं अडखळत वाचायची तालीम केली. एकेका अक्षरावर बोट ठेवून, डोळे मोठे करून, थुंकी गिळून. सगळे हसले. धनसिंगाला हसू आलं नाही. तो उठून बैलांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी शमुवेल सरांना घाटंजीच्या स्टँडवरून उत्तमसिंग बंडीतून घेऊन आला. सरांनी हात-पाय धुतले, पाणी घेतलं, चहाला "नंतर" म्हणाले आणि निंबाखाली टाकलेल्या बाजेवर बसले. समोर सतरंजी. भोवती अर्धा तांडा.

पहिला फुलचंद. त्यानं धडा वाचला आणि दोन वाक्यं लिहिली. घाम पुसत बाजूला झाला. मग नंदाबाई. ती मोठ्या माणसांपुढे कधी तोंड उघडून बोललेली नव्हती. ओढणी कपाळाखाली ओढून ती पाटीवर वाकली आणि एकेक अक्षर जोडत वाचू लागली. एका शब्दाला अडली, मागं गेली, पुन्हा आली. वाक्य संपलं तेव्हा तिचा श्वास ऐकू येत होता. सरांनी मान हलवली. हंसाबाईनं तर न थांबता वाचलं.

"चौथे?" सर म्हणाले.

लखीराम पुढे आला. कागद डोळ्यांजवळ नेऊन त्यानं सुरुवात केली. एका अक्षरावर बोट. थांबला. थुंकी गिळली. मागं गेला. पुन्हा पुढे आला. लहान पोरं खिदळू लागली. मोठ्यांनीही तोंडावर हात धरले.

धनसिंगाची नजर नंदाबाईकडे गेली. ती हसत नव्हती. तिनं खाली पाहिलं होतं. आत्ता थोड्या वेळापूर्वी ती हुबेहूब तशीच वाचत होती. तेव्हा कोणी हसलं नव्हतं. आता तिचंच अडखळणं लखीराम सोंगासारखं करून दाखवत होता आणि लोक त्याला हसत होते. तिला ते कळलं होतं. तिनं हातातली पाटी हळूच उलटी करून ठेवली.

लखीरामनं नाव लिहून कागद पुढे केला. अक्षर वळणदार होतं. सरांनी ते पाहिलं आणि कागदावरून नजर न काढता विचारलं, "यांना कधीपासून शिकवतोस?"

"नाही शिकवलं, सर," धनसिंग म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "लखीराम चौथी पास आहे. माझी चौथी विद्यार्थिनी इथं नाही."

लखीराम सतरंजीवरून उठला आणि गर्दीत मागं सरकला. हरिसिंगानं जमिनीकडे पाहिलं.

"कुठे आहे ती?"

"लेकीच्या बाळंतपणाला गेली. तीन कोसांवर."

"तिला येतं?"

"येतं, सर. म्हणजे, मी आलो होतो त्या रविवारपर्यंत येत होतं. हळू येतं."

सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. मग उत्तमसिंगाकडे वळून म्हणाले, "बैल थकले नसतील ना? परीक्षा शिकणाऱ्याची घ्यायची, एवढंच नियमात आहे. ती अमक्याच अंगणात घ्यायची, असं मी तरी कुठं वाचलं नाही."

उत्तमसिंग धावतच बैल जुंपायला गेला.

वाट पऱ्हाटीच्या वावरांमधून जात होती. वेचणी अर्धी झालेली. मधूनच एखादं चुकलेलं बोंड पांढरं दिसायचं. नाल्यात पाणी घोट्याएवढं. सर पुढे बसले होते, धनसिंग मागे. नाला ओलांडला आणि सरांनी मागं वळून पाहिलं.

"मी विचारल्यावर सांगितलंस," सर एकदम म्हणाले. "न विचारता सांगायला हवं होतंस."

"हो, सर."

"मी प्रिन्सिपलसाहेबांना जे झालं ते सगळं सांगणार. माझ्या अंदाजानं दोन महिने श्रमतास दुप्पट होईल तुझा. त्यापेक्षा जास्त होऊ नये, असंही मी सांगेन."

धनसिंगाच्या छातीवरचं अर्धं ओझं तिथंच उतरलं. दुप्पट श्रमतास त्याला बक्षिसासारखा वाटला. पण अर्धं अजून तसंच होतं. त्या धावपळीत जमनाबाईला काय आठवत असेल? आणि मानीचं काही बरं-वाईट झालं असेल तर? त्या घरी पाटी घेऊन जायचं कोणत्या तोंडानं?

मानीबाईच्या तांड्यात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. अंगणात चूल पेटलेली, तिच्यावर पाण्याचा मोठा हंडा. घरातून तान्ह्या बाळाचं रडणं आलं आणि धनसिंगानं डोळे मिटून घेतले. सगळं नीट होतं.

जमनाबाई बाहेर आली. दोन दिवसांची झोप डोळ्यांत साचलेली. केस विस्कटलेले, ओढणीला हळद. तिनं बंडी पाहिली, बंडीतला परका माणूस पाहिला, धनसिंग पाहिला.

"पोट्टी झाली मानीले. कालच्या सकाळी," ती म्हणाली. "लय तरास झाला. तू कायले आला?"

धनसिंगानं सांगितलं. सगळं सांगितलं, लखीरामचंही.

"आत्ता परीक्षा?" ती म्हणाली. "घरात बाळंतीन हाय. दोन दिवस झाले, पाठ नाई टेकली मी. मले आता माहं नाव पुसलं तरी सांगता नाई येणार."

"बरं, काकी. राहू दे," धनसिंग म्हणाला. आणि तो खरंच वळला. अंगणातल्या बाजेवर टेकलेले सरही उठू लागले.

"थांब," जमनाबाई म्हणाली. "इथूनच परत चालला? तीन कोस आला ना? चहा तरी घे." ती चुलीजवळ गेली, हंड्यातलं पाणी तांब्यात घेतलं आणि हात धुऊ लागली. बोटांच्या फटी, नखं, मनगटं. बल्या वर सरकवून दंडापर्यंत. मग हात ओढणीला पुसत आली आणि सरांपुढे मांडी घालून बसली. "चहा मंग करतो. आधी ते काय हाय ते आन. एकदाचं होऊन जाऊ दे."

सरांनी कागद दिला. तिनं सूर्याकडे पाठ करून तो उन्हात धरला.

"गा-य," ती वाचू लागली. "गाय. स-का-ळी. सकाळी दू-ध दे-ते. गाय सकाळी दूध देते." ती थांबली. सर वाट पाहत होते. जमनाबाईनं मान वर केली. "आन संध्याकाळी?"

"काय?"

"संध्याकाळी काढत नाईत का दूध? हे कोनं लिहिलं?"

शमुवेल सर हसले. धनसिंगानं तीन वर्षांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "पुढे वाचा," ते म्हणाले.

ती वाचत गेली. हळू, फार हळू. गोठ्याचं वाक्य आलं, त्यात एक शब्द जोडाक्षरांचा होता. स्वच्छ. तिथं ती अडली. एकदा बोट फिरवलं, दोनदा. ओठ हलले, आवाज आला नाही. आत बाळ रडायला लागलं आणि तिचं अर्धं लक्ष तिकडे गेलं. ती शब्द सोडून पुढे गेली, वाक्य संपवलं आणि म्हणाली, "गोठा झाडून-बिडून ठेवावा म्हनते हे."

"अर्थ बरोबर आहे," सर म्हणाले. "पण शब्द वाचायचा आहे, जमनाबाई."

"आता वाचतो. घाई कायची?" तिनं कागद आणखी जवळ घेतला. "अर्धा स. त्याले व. स्व." मग पुढच्या अक्षराकडे रागानं पाहिलं. "हा अर्धा च. त्याच्या खांद्यावर बसला छ. स्व-च्छ. स्वच्छ." आणि मग, कोणी सांगितलं नसताना, तिनं ते सगळं वाक्य पहिल्यापासून पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं.

"आता लिहायचं. तुमच्या मनानं एक-दोन ओळी. काहीही."

तिनं पेन कधी धरला नव्हता. सरांचा शाईचा पेन बोटांत उलटासुलटा करून पाहिला. मग कागद गुडघ्यावर ठेवून लिहू लागली. बल्या खाली घसरल्या, तिनं त्या पुन्हा वर ढकलल्या. अक्षरं मोठाली, ओळ वर चढत गेलेली. लिहून झाल्यावर तिनं कागद सरांना दिला नाही. स्वतःच वाचला. "मानीले पोट्टी झाली. दोघी बऱ्या हायेत."

सरांनी कागद घेतला. धनसिंग त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहू लागला. 'मानीले' वाचून तो सरांकडे पाहू लागला. त्यानं 'ला' शिकवला होता. पुस्तकात 'ला' होता.

सरांनीही ते पाहिलं होतं. पेनाचं टोक त्या शब्दावर क्षणभर थांबलं. "बोलतात तसं लिहिलंय," ते म्हणाले. "आणि बोलतात ते बरोबर उतरलंय. यात चूक कशाला म्हणू मी?" त्यांनी खाली आपलं नाव लिहिलं आणि तारीख टाकली. "पास."

जमनाबाईनं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि लांब श्वास सोडला. "झालं?"

"झालं," सर म्हणाले.

धनसिंग तिच्या पाया पडायला वाकला, तर ती मागे सरकली. "हात नको लावू, बाळंतिणीच्या खोलीतली हाव मी. चाल, पाणी ओत, चहा ठेवतो." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून तिनं लेकीला हाक दिली, "मानी, मी पास झाली ओ." आतून अशक्त हसणं ऐकू आलं.

चहा होईपर्यंत तिला आणखी एक सुचलं. ती म्हणाली, तो कागद तर सर घेऊन चालले, मग आपल्या तांड्यात काय कळणार? सरांनी वहीतलं एक पान फाडून दिलं. त्यावर तिनं तेच पुन्हा लिहिलं आणि वर 'हंसा' असं नाव टाकलं. घडी घालून तिनं पान धनसिंगाकडे दिलं. "उघडू नको. तिचं हाय."

परतीच्या वाटेवर सर आणि उत्तमसिंग बैलांबद्दल बोलत होते. कोणत्या बाजारातून घेतले, कोणता जास्त ओढतो. धनसिंग मागे कडब्यावर आडवा झाला. गेल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. बंडीच्या धक्क्यांतही तो इतका गाढ झोपला की तांड्याजवळची कुत्री भुंकू लागली तेव्हाच जागा झाला.

त्या संध्याकाळी शमुवेल सर हरिसिंगाच्या घरी जेवले. ज्वारीची भाकरी, तुरीच्या हिरव्या दाण्यांचं वरण. हरिसिंग त्यांना वाढत होता. शेवटी तो म्हणाला, "सर, त्या लखीरामचं मीच सांगतलं होतं. पोराचं नाई ते."

"मला वाटलंच," सर म्हणाले. "आणखी थोडं वरण घाला."

हंसाबाईनं चिठ्ठी चुलीच्या उजेडात वाचली. आधी मनात, मग मोठ्यानं. बाया जमल्या, तिनं पुन्हा वाचली. नंदाबाई म्हणाली, "मले दे," आणि तिनंही वाचली, अडखळत. कोणी हसलं नाही.

कॉलेज उघडल्यावर धनसिंगाला प्रिन्सिपलसाहेबांनी बोलावलं, रागावले, आणि दोन महिने दुप्पट श्रमतास दिला. त्यानं कॉलेजच्या मागच्या बाजूची सगळी नाली एकट्यानं उपसून काढली. नाव विद्यापीठाकडे गेलं. उन्हाळ्यात निकाल लागला तेव्हा तो तिसऱ्या वर्गात पास झालेला होता. शमुवेल सरांच्या मराठीत त्याला सगळ्यांत कमी गुण मिळाले होते, याचं त्याला हसू आलं. निकाल सांगायला तो घाटंजीहून तांड्यापर्यंत पायी आला. ऊन मी म्हणत होतं, पण रस्ताभर त्याला ते जाणवलं नाही.